केंब्रिजचं फुकट ‘राइट अँड इम्प्रूव्ह’: मराठी माध्यमाच्या पोरांचं इंग्रजी लेखन तपासायला कितपत कामाचं?

आधी थेट सांगून टाकते, पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं पुरे. तुम्ही इंग्रजी शिकवत असाल, किंवा घरात दहावी-बारावीचं नाहीतर परदेशी जाण्यासाठीच्या आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेची तयारी करणारं कोणी असेल तर केंब्रिजची राइट अँड इम्प्रूव्ह ही वेबसाइट जरूर वापरा. पैसे लागत नाहीत, आणि पोरगं एकच मजकूर तीन-चार वेळा सुधारून लिहितं, जे आपल्याकडे कोणी कधी करतच नाही. पण तिने दिलेली लेव्हल म्हणजे मार्क असं धरून चालू नका आणि शिक्षकाने वाचायचं काम तिच्यावर ढकलू नका. आता सविस्तर.

मी कोल्हापूर जिल्ह्यात ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते, अकरावी-बारावी, आर्ट्स आणि कॉमर्स. एका वर्गात ऐंशीच्या आसपास पोरं आणि जवळजवळ सगळी मराठी माध्यमातून आलेली. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झालं, म्हणजे माझ्यापुढे बसलेलं पोरगं दहा वर्षं हा विषय शिकून आलेलं असतं, तरी घरात, गल्लीत, बाजारात, एसटीत कुठेच इंग्रजी कानावर पडत नाही त्यामुळे मार्कशीटवर काहीही लिहिलेलं असो, या पोरांसाठी ती परकी भाषाच आहे. वाचून समजतं बऱ्यापैकी, लिहायची वेळ आली की हात थांबतो.

आणि लिहिलेलं तपासायचं कोणी? एक निबंध मन लावून वाचायला पाच मिनिटं धरली तरी ऐंशी निबंधांचे चारशे मिनिटं होतात, साडेसहा तासांच्या वर, ते पण फक्त एका वर्गाचे. मग होतं काय की वही परत मिळेपर्यंत आठवडा-दोन आठवडे जातात, तोपर्यंत आपण काय लिहिलं होतं हे पोरगं विसरलेलं असतं, ते खाली मार्क बघतं, लाल खुणांवरून एक नजर फिरवतं आणि वही दप्तरात टाकतं. शिक्षकाचे तास गेले आणि पोराच्या इंग्रजीत काडीचा फरक नाही. माझी खरी चिडचिड इथे आहे, म्हणूनच हे साधन बघितलं.

वापरायला सोपं आहे. ईमेल टाकून खातं उघडायचं, बिगिनर, इंटरमीडिएट, ॲडव्हान्स्ड असे गट आहेत, आयईएलटीएस आणि बिझनेसचेही वेगळे विषय आहेत, त्यातला एक विषय निवडायचा, चौकटीत लिहायचं आणि चेक दाबायचं. काही सेकंदांत ए-वन (सगळ्यात खालची) ते सी-टू (सगळ्यात वरची) यातली एक लेव्हल येते. प्रत्येक वाक्याला मागून रंग चढतो, वाक्य ठीक असेल तर पांढरं, जितकं गडबडीचं तितका रंग गडद. काही शब्दांवर खूण येते की इथे काहीतरी संशयास्पद आहे, स्पेलिंगसारखी ठराविक चूक असेल तर ती सरळ दाखवतं. मग तोच मजकूर दुरुस्त करून परत चेक करायचा, पाहिजे तितक्या वेळा, आणि आपण कुठून कुठे आलो हे आलेखात दिसतं. यामागे काय आहे तर केंब्रिजच्या परीक्षांना बसलेल्या जगभरच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांचा मोठा साठा, ज्यातल्या चुका माणसांनी बसून एकेक करून नोंदवून ठेवल्यात, त्यावर हे मशीन तयार झालंय. म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा पोरांच्याच चुकांवर ते शिकलंय ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्या मोबाईलमधलं साधं स्पेलचेक तसं बनलेलं नसतं.

आता एक नमुना दाखवते म्हणजे नुसतं कौतुक वाटायला नको. बारावीतल्या एका मुलीने मैत्रिणीला पत्र लिहिलं, सहलीबद्दल. तिचं पहिलं लिखाण असं होतं: ‘लास्ट संडे वुई वेंट टू पन्हाळा. देअर वॉज सो मेनी पीपल्स. वुई सॉ तीन दरवाजा अँड अंधारबाव. आय वॉज व्हेरी एंजॉइड. इन द इव्हिनिंग रेन केम सो वुई रिटर्न बॅक.’ पहिलं वाक्य पांढरं. दुसरं चांगलंच रंगलं. चौथं सगळ्यात गडद. तिने आधी ‘पीपल्स’चं ‘पीपल’ केलं, परत चेक केलं, रंग थोडा उतरला पण गेला नाही, तेव्हा ती वाक्याकडे बघत बसली आणि शेजारच्या मैत्रिणीला विचारलं की अगं ‘मेनी’ असेल तर ‘वॉज’ कसं चालेल, आणि ‘वेअर’ केलं. हे तिला मी सहावीपासूनच्या सगळ्या शिक्षकांसारखं शंभरदा फळ्यावर सांगितलेलं आहे. पण त्या दिवशी तिने ते स्वतः शोधलं. ‘आय वॉज व्हेरी एंजॉइड’ वर मात्र अडली, रंग गडद आहे हे कळतंय पण का ते कळेना, तेव्हा मला हाक मारली, मग मी सांगितलं की ‘वॉज’ची इथे गरजच नाही, ‘वुई एंजॉइड अवरसेल्व्ज अ लॉट’ असं म्हण किंवा त्याहून चांगलं म्हणजे कशाची मजा आली ते लिही. मग तिने लिहिलं की अंधारबावीत खाली उतरताना खूप गार वाटत होतं आणि मैत्रिणीने हात घट्ट धरून ठेवला होता, साध्या इंग्रजीत, दोन चुका ठेवून, पण ते वाक्य वाचण्यासारखं होतं.

हीच याची ताकद आहे बघा. बऱ्याच ठिकाणी ते उत्तर हातात देत नाही, नुसतं बोट ठेवतं की इथे बघ. आजकाल चॅटजीपीटीला मजकूर दिला तर तो चकाचक करून देतो, पोरगं कॉपी करतं आणि शिकत काहीच नाही. इथे डोकं पोरालाच चालवावं लागतं. चुका सुधारून दिल्याने लेखन सुधारतं का यावर इंग्रजी शिकवणाऱ्यांमध्ये जुना वाद आहे, १९९६ साली जॉन ट्रस्कॉट यांनी लेख लिहून सरळ म्हटलं होतं की लेखनाच्या वर्गात व्याकरण दुरुस्त करणं उपयोगाचं नाही, उलट नुकसानच करतं, तो प्रकार बंद करा, आणि १९९९ मध्ये डाना फेरिस यांनी त्याला उत्तर दिलं की असं सरसकट म्हणता येणार नाही, दुरुस्ती कशी केली यावर बरंच अवलंबून आहे. माझं मत फेरिस यांच्या बाजूचं आहे. पण ट्रस्कॉट यांचं एक मला पटतं, आपण वही लालेलाल करतो त्यातून पोराला एवढंच कळतं की मला इंग्रजी येत नाही. पन्नास चुका एका वेळी कोणीच सुधारू शकत नाही. दोन-तीन दाखवा, त्याच मजकुरात लगेच दुरुस्त करायला लावा, मग पुढचं.

लेव्हलबद्दल. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू या सहा पायऱ्या युरोपच्या भाषा चौकटीतल्या आहेत, कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये काढलेल्या, सीईएफआर म्हणतात. त्यात पोराला काय करता येतं याचं वर्णन आहे, म्हणजे बी-वनवाला ओळखीच्या विषयावर सरळ, एकाला एक जोडलेला मजकूर लिहू शकतो, असं. शंभरपैकी किती हा प्रकारच नाही. आपल्याकडे मात्र पालक लगेच विचारतात की मॅडम बी-वन म्हणजे किती टक्के? टक्के नाहीत. बोर्डाच्या पेपरला याचा थेट संबंध नाही, बोर्डात पत्राचा मायना, तारीख, विषय, दिलेले मुद्दे आले का हे बघतात, त्याचे मार्क वेगळे. तेव्हा लेव्हल बघून खूश किंवा नाराज होण्यापेक्षा पहिल्या लिखाणापासून शेवटच्या लिखाणापर्यंत काय बदललं ते बघा. आणि एकाच पोराची लेव्हल विषयानुसार इकडेतिकडे होते, सहलीवर लिहिलं तर वेगळी, मोबाईलचे फायदे-तोटे लिहिले तर वेगळी, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, माणसाने तपासलं तरी तसंच होतं.

मशीनने निबंध तपासणं काही कालपरवाचं नाही बरं का. १९६६ मध्ये अमेरिकेत एलिस पेज यांनी यावर पहिलं काम मांडलं, त्यांचा प्रोग्रॅम निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, स्वल्पविराम असल्या मोजता येणाऱ्या गोष्टींवरून दर्जाचा अंदाज बांधायचा. १९९९ मध्ये ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या अमेरिकन संस्थेचं ई-रेटर नावाचं मशीन जीमॅट या एमबीए प्रवेशपरीक्षेच्या निबंधांना माणसाच्या जोडीने लागलं. आज पीटीई या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाची तपासणी मुख्यतः मशीनच करतं. म्हणजे आपली पोरं बाहेर शिकायला निघाली की त्यांचं लिखाण कुठे ना कुठे मशीनपुढे जाणारच आहे, त्यामुळे ‘मला नाही पटत’ म्हणून विषय संपत नाही.

पण मोजता येतं ते आणि चांगलं असतं ते या दोन गोष्टी एक नव्हेत. एमआयटीमध्ये शिकवलेले लेस पेरेलमन यांनी २०१४ च्या सुमारास काही विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रोग्रॅम बनवला, दोन-तीन शब्द दिले की तो लांबलचक, भारदस्त, पूर्णपणे निरर्थक निबंध बनवून द्यायचा आणि असल्या निबंधांना तपासणी मशीनकडून चांगले गुण मिळाल्याचं त्यांनी दाखवून दिलं. नंतरची मशीन सुधारली असतील, पण मूळ प्रश्न आहे तिथेच आहे. मशीन शब्द आणि वाक्यं बघतं, खरं-खोटं बघत नाही.

माझ्या वर्गातलंच उदाहरण देते. विषय होता गावातलं एक काम. एका मुलाने आजोबांच्या गुऱ्हाळावर लिहिलं, काहिलीतला रस कधी उतरवायचा हे आजोबा फेसाच्या रंगावरून ओळखतात, घड्याळ बघत नाहीत, आणि रात्री चिपाडाच्या जाळाजवळ बसलेल्या माणसांना झोप येऊ नये म्हणून ते जुन्या गोष्टी सांगतात. वाक्यं छोटी, आर्टिकल (ए, ॲन, द) सगळी गायब, काळ दोन ठिकाणी चुकलेले. दुसऱ्याने लिहिलं ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड ॲग्रिकल्चर प्लेज अ व्हायटल रोल’ आणि पुढे पानभर तसंच, गाइडमधलं, एक चूक नाही आणि एक गोष्ट त्याची स्वतःची नाही. कुठल्याही मशीनपुढे ठेवा, दुसऱ्याची लेव्हल वर येणार हे उघड आहे, कारण ते भाषेचं काम करतंय आणि भाषा दुसऱ्याची शुद्ध आहे. पण लिहिता कोणाला येतं? माझ्यासाठी पहिल्याला. त्याची आर्टिकल मी महिन्या-दोन महिन्यांत बऱ्यापैकी ताळ्यावर आणेन. दुसऱ्याला स्वतःचं लिहायला लावणं ही कितीतरी अवघड गोष्ट आहे. म्हणून आशय मीच वाचते, ते काम मी कोणालाच देणार नाही.

आता कोणी म्हणेल की मग माणसानेच तपासावं की सगळं. माणसांचं पण ऐका. १९६१ मध्ये ईटीएससाठी पॉल डीडरिक आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास केला, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोरांचे ३०० निबंध आणि ५३ वाचक, शिक्षक, संपादक, वकील वगैरे वेगवेगळ्या क्षेत्रांतले, आणि नऊ श्रेणींपैकी एक द्यायची. ९४ टक्के निबंध असे निघाले की ज्यांना सात, आठ किंवा नऊच्या नऊ वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या! एकच निबंध एकाला सगळ्यात वरचा वाटतो आणि दुसऱ्याला तळाचा. कारण कोणी विचार बघतो, कोणी स्पेलिंग, कोणी मांडणी. आपल्या स्टाफरूममध्ये करून बघा, एक उत्तर चौघींना द्या, काय होतं ते दिसेल, अक्षर चांगलं असलेल्याला दोन मार्क जास्त पडतात हे मी छातीठोक सांगते.

त्यावर उपाय म्हणून निकष वेगळे करून मार्क द्यायची पद्धत आली. १९८१ ची होली जेकब्स आणि सहकाऱ्यांची एक मोजपट्टी इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी खूप वापरली गेली, आशयाला ३०, मांडणीला २०, शब्दसंपदेला २०, भाषेच्या वापराला २५ आणि स्पेलिंग-विरामचिन्हं वगैरेला ५. पाच! आपण स्पेलिंगसाठी पोरांचा जेवढा जीव घेतो त्याच्या मानाने बघा. ही पट्टी जशीच्या तशी बोर्डाच्या वर्गात चालणार नाही, पण मी चाचणीच्या वहीवर एक मार्क न लिहिता आशय, मांडणी, भाषा असे तीन लिहायला लागले तेव्हापासून पोरं विचारायला यायला लागली की मॅडम मांडणीत माझे का गेले. आधी ‘दहापैकी पाच’वर कोणी काही विचारतच नव्हतं. राइट अँड इम्प्रूव्ह मी या तिसऱ्या रकान्यासाठी, म्हणजे भाषेसाठी वापरते. आशय आणि मांडणी माझ्याकडे. असं वाटून घेतलं की ओझं खरंच हलकं होतं, कारण ‘ही गोज’ आणि ‘दे गो’ सांगण्यात माझी जी मिनिटं जायची ती आता गुऱ्हाळाबद्दल बोलण्यात जातात.

मराठी पोरांच्या चुकांबद्दल थोडं लिहायलाच हवं कारण कुठलंही परदेशी साधन हे तुम्हाला सांगणार नाही. आर्टिकल तर आहेच, मराठीत तसा प्रकार नाही त्यामुळे ‘माय फादर इज फार्मर’ हे पोराच्या कानाला अगदी बरोबर वाटतं. दुसरं जरी-तरी. आपल्याकडे दोन्ही टोकांना शब्द लागतो म्हणून ‘ऑलदो इट वॉज रेनिंग बट वुई प्लेड’ असं येतं, तसंच ‘बिकॉज... सो’. तिसरं, ‘त्याने विचारलं की तू कुठे चाललास’ ही रचना, त्यातून ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग’. चौथं ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’. मशीन वाक्य रंगवून दाखवेल पण ही चूक मराठीतून आली हे ते सांगणार नाही, आणि पोराला एकदा ते कळलं ना की तुझं डोकं चुकत नाहीये, तू मराठीचा नियम इमानदारीने इंग्रजीत लावतोयस, तर त्याचा चेहराच बदलतो. मी फळ्यावर दोन्ही वाक्यं शेजारी लिहिते आणि सांगते की मराठीत दोन खुंट्या लागतात, इंग्रजीत एकच. आमच्या एका मुलाने त्यानंतर स्वतःच्या जुन्या वहीतले सगळे ‘ऑलदो... बट’ शोधून काढले, कोणी सांगितलं नसताना. हे काम शिक्षकाचंच आहे, आणि मराठी येणाऱ्या शिक्षकाचं आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आयईएलटीएसवाल्यांसाठी वेगळं. आमच्या कॉलेजातून बाहेर पडलेली काही मुलं नर्सिंग, हॉटेल मॅनेजमेंट करून परदेशी जायला बघतात, ती परत येतात की मॅडम रायटिंग तपासून द्या. त्यातल्या एकीने पैसे भरून एका ऑनलाइन सेवेकडून निबंध तपासून घेतले होते, नाव लिहीत नाही. प्रत्येक निबंधाला साडेसहा-सात बँड, म्हणजे नऊपैकी गुण, आणि खाली दोन ओळी: चांगला प्रयत्न, शब्दसंपदा वाढवा, पुढचं पॅकेज घ्या. कुठली शब्दसंपदा? कुठल्या परिच्छेदात? काही नाही. मी तो निबंध वाचला तर प्रश्नात दोन्ही बाजू मांडून स्वतःचं मत द्या असं विचारलं होतं आणि तिने एकच बाजू लिहिली होती, हे कोणी तिला सांगितलंच नाही. खऱ्या परीक्षेत हेच आधी बघतात. पैसे घेऊन असं करणं मला अप्रामाणिकपणा वाटतो, पोरगी कर्ज काढून परीक्षेची फी भरणार असते आणि तुम्ही तिला गोड आकडा देऊन पाठवता.

म्हणून पैसे भरायच्या आधी एवढं माहीत असू द्या. आयईएलटीएस लेखनात दोन टास्क, मिळून एक तास, पहिल्यात किमान १५० शब्द, दुसऱ्यात किमान २५०, आणि दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. चार निकष, चारही सारख्या वजनाचे: विचारलेलं उत्तर दिलं का, मांडणी आणि जोडणी, शब्दसंपदा, व्याकरणाचा आवाका आणि अचूकपणा. प्रत्येक बँडला काय अपेक्षित आहे हे अधिकृत साइटवर फुकट छापलेलं आहे, २०२३ मध्ये ते नव्याने सुधारूनही टाकलंय. अख्खं उत्तर पाठ करून लिहिल्याचा पुरावा मिळाला तर शून्य बँड हेसुद्धा त्यातच लिहिलंय, तेव्हा क्लासवाले जे ठरावीक साचे पाठ करून घेतात त्यांच्यापासून जपून. तुमच्या तपासणाऱ्याने या चारही निकषांवर वेगवेगळं आणि तुमच्याच वाक्यावर बोट ठेवून सांगितलं पाहिजे, तेवढं नसेल तर पैसे देऊ नका. राइट अँड इम्प्रूव्हमध्ये आयईएलटीएसचे विषय आहेत, सरावाला उत्तम, भाषेच्या चुका कमी होतात, पण पहिल्या टास्कमधली आकृती नीट वाचली का, मुद्दा पटवून दिला का यासाठी परीक्षेआधी निदान एकदा जाणत्या माणसाच्या नजरेखालून घालाच.

वर्गात वापरायचं तर काही गोष्टी आधी ठरवून घ्या. पोरं मोबाईलवर टाइप करतात आणि कीबोर्डचं ऑटोकरेक्ट चालू असतं, म्हणजे चूक साइटपर्यंत पोचायच्या आधीच कीबोर्डने दुरुस्त केलेली असते आणि पोराला वाटतं मला स्पेलिंग येतं, म्हणून ते बंद करायला लावा, सेटिंगमध्ये सहज होतं. दुसरं म्हणजे पहिलं लिखाण वर्गात कागदावर, माझ्यासमोर. मगच टाइप करायचं. याने कॉपी-पेस्ट आपोआप थांबतं, कारण कागदावर ‘माय फादर इज फार्मर’ आणि स्क्रीनवर सी-वन असं असेल तर विचारता येतं, आणि बोर्डाचा पेपर हातानेच लिहायचा आहे त्यामुळे हाताची सवयही मोडत नाही. शेवटचं सुधारलेलं लिखाण परत वहीत उतरवून घ्यायचं, त्याच्या शेजारीच पहिलं. दोन्ही समोरासमोर बघितलं की मला तपासायलाही सोपं जातं, पोराने काय बदललं तेवढंच बघायचं.

ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही, आणि मुलींमध्ये अशा बऱ्याच आहेत, त्यांच्यासाठी आम्ही कॉम्प्युटर लॅबमध्ये जोड्या लावल्या, एका मशीनवर दोघी. गंमत म्हणजे ज्या दोघी मिळून बसल्या त्यांचं काम एकट्याने फोनवर केलेल्यांपेक्षा चांगलं झालं, कारण एखादं वाक्य का रंगलं यावर त्यांचं भांडण व्हायचं आणि त्या भांडणात व्याकरण यायचं. आता मी फोन असलेल्यांनाही जोडीनेच बसवते. साइटवर शिक्षकाला स्वतःचे विषय टाकून वर्गासाठी वर्कबुक करता येतं ते जरूर करा, तयार विषय बरे आहेत पण बोर्डाच्या धर्तीवरचे नाहीत, मी अपील, भाषण, व्ह्यू-काउंटरव्ह्यू असे आपले प्रकार टाकले आणि विषयही आपल्याकडचे, पंचगंगेचं प्रदूषण, महापुराच्या वेळी शाळेत राहिलेली माणसं, ऊसतोड मजुरांच्या पोरांची शाळा. या विषयांवर पोरांकडे सांगण्यासारखं असतं त्यामुळे ती लांब लिहितात. गावांची आणि माणसांची नावं इंग्रजी अक्षरांत लिहिली की मशीनला ती ओळखीची नसतात, तिथे खूण आली तर सोडून द्या असं पोरांना आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर एखादं बिचारं अंधारबावीचं स्पेलिंग बदलत बसतं.

इंटरनेट लागतं हे तर झालंच, लॅबमध्ये लाइट गेली की तास गेला, त्या दिवसासाठी कागदाचं काम हाताशी ठेवा. सुरुवातीला आठवड्याला एकच छोटा विषय द्या, शंभर शब्दांचा, आणि तीन वेळा सुधारल्याशिवाय पुढचा विषय नाही असा नियम करा, माझ्या वर्गात सगळ्यात जास्त फरक या नियमाने पडला. कोणी हे पाचवी-सहावीच्या पोरांवर वापरलं असेल तर खाली सांगा, तिथे टाइप करण्यातच वेळ जाईल अशी मला धास्ती आहे, आणि कोणाच्या शाळेत वहीवर एकच मार्क न देता रकाने करून देत असतील तर कुठले रकाने ठेवलेत तेही कळवा, आमच्या इथे पुढच्या वर्षी सगळ्या तुकड्यांना एकच पट्टी लावायचं चाललंय.